प्लॉट विकून शैक्षणिक कर्ज फेडायचं का? लहान बहिणीची ॲडमिशनही तोंडावर आहे

दिघोरीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरचे सगळे आकडे उघड करून लिहून राहिलो, कारण आकडे लपवून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी २०१९ मध्ये नागपूरबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. कॅपमध्ये, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, हवी ती ब्रँच लागत नव्हती. बर्डीवरच्या एका एजंटने संस्था स्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, सीट दाखवली, "उद्यापर्यंत ठरवा" म्हणाला, आणि आम्ही तीन दिवसांत पैसे भरून मोकळे झालो. आम्ही ओबीसी. कॅपमधून गेलो असतो तर ट्यूशन फीची अर्धी रक्कम शासनाकडून मिळाली असती. संस्था स्तरावरच्या सीटला ती मिळत नाही, हे महाडीबीटीवर, शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फॉर्म भरायला बसलो तेव्हा कळलं. घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. विचारायचं काय, हेच माहीत नव्हतं.

मग ऑगस्ट २०१९ मध्ये कर्ज घेतलं, चार वर्षं, दरवर्षी दीड लाख, असं सहा लाखांचं. गहाण काही नाही, सहकर्जदार बाबा. बाबा इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात दिवाणजी आहेत, एकतीस वर्षं एकाच गादीवर. आज पगार १६,०००. आई घरून डबे देते. दिघोरीत भाड्याने राहतो, भाडं ६,५००.

२०२३ मध्ये पास झालो. नोकरी लागायला दहा महिने गेले. आता नागपूरच्या मिहान उद्योग परिसरात आहे, हातात २७,५०० येतात. कोर्स संपल्यावर एक वर्षाची सवलत होती, ती जुलै २०२४ ला संपली आणि बँकेने हप्त्याचा कागद हातात दिला. कर्ज घेतलं सहा लाख, फेडायचे ८,०५,०००. शिकत होतो त्या काळातलं व्याज, जवळपास २,०५,००० रुपये, मुद्दलात मिळवलं होतं. आईने कागद पाहून विचारलं, "दोन लाख कोणी घेतले?" मला उत्तर देता आलं नाही. सही करताना हे कोणी समजावलं नव्हतं, आणि मीही वाचलं नव्हतं.

दहा वर्षांची मुदत, दर सरासरी १० टक्के, हप्ता १०,६३८. गेल्या ऑगस्टपासून अकरा हप्ते गेले. एकूण १,१७,०१८ रुपये भरले. स्टेटमेंट काढलं तर मुद्दल फक्त ४५,००० ने कमी झालेलं. ७,६०,००० अजून उभेच आहेत.

दोन हप्ते पगार उशिरा झाल्यामुळे दहा-बारा दिवस लांबले. तेव्हा वसुलीवाल्याने मला फोन न करता बाबांना केला, तोही दुकानात, सेठच्या आणि गिऱ्हाइकांच्या समोर. बाबा रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, प्लॉट काढून टाकू.

प्लॉट म्हणजे हुडकेश्वरच्या बाजूला हजार चौरस फूट, २००६ मध्ये हप्त्याहप्त्याने घेतलेला. आर एल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, झालेलं नाही. त्यावर दोन खोल्या बांधून भाड्याच्या घरातून बाहेर पडायचं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर दसऱ्याला बाबा तिथे जाऊन सोनं ठेवून येतात.

आता खरा पेच. लहान बहीण यंदा बारावी झाली. सीईटीत ८८ पर्सेंटाईल आहेत. तिला कॉम्प्युटरच करायचं आहे. एजंट तोच नाही, पण बोलणं तेच. संस्था स्तरावरची सीट, वर्षाला दोन लाख, टोकन म्हणून ५०,००० या आठवड्यात. माझ्या वेळी दीड लाखात होत होतं ते सहा वर्षांत दोनवर गेलं. बाबांचं म्हणणं, प्लॉट विकून माझं कर्ज बंद करू आणि उरलेल्यात तिचं पहिलं वर्ष काढू. आई म्हणते, तिच्यासाठीही कर्जच काढू. बँकेतला माणूस म्हणतो, मुदत पंधरा वर्षं करून घ्या.

माझ्याबाबतीत झालेली चूक तिच्याबाबतीत होऊ द्यायची नाही, म्हणून यावेळी सही करायच्या आधी विचारून राहिलो. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

मानेवाडा_निवृत्त

बेटा, मी ३४ वर्षं सरकारी बँकेत होतो, शेवटची नऊ वर्षं कर्ज विभागात. तू आकडे दिलेस म्हणून नीट बोलता येतं.

आधी प्लॉट. विकू नका. आर एल नसलेला प्लॉट घाईत काढला तर भाव घेणारा ठरवतो, विकणारा नाही. त्यातून आलेला पैसा दहा टक्क्यांच्या कर्जात जाईल आणि तुमच्या डोक्यावरचं छप्पर कायमचं जाईल. विकायचाच असेल तर आधी एनआयटीत (नागपूर सुधार प्रन्यास) अर्ज टाका, डिमांड म्हणजे ते ठरवतील ते शुल्क भरा, आर एल हातात घ्या, मग पुढचं बोला. पण माझ्या मते आज त्याची गरजच नाही.

पंधरा वर्षांचं आमिष तर अजिबात घेऊ नको. तुझ्याच आकड्यांवर हिशोब केला. ८,०५,००० ला सुरुवातीपासून पंधरा वर्षं धरली असती तर हप्ता ८,६५१ आला असता. महिन्याला दोन हजारांचा आराम. पण एकूण भरणा १२,७६,५६० ऐवजी १५,५७,१८०. म्हणजे दोन लाख ऐंशी हजार जास्त. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर मुदत वाढवून घेण्यात लाज नाही, तो तुझा आधार आहे. पण हातात पगार असताना तो दरवाजा उघडू नको.

आता तुझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट. तुझं कर्ज ऑगस्ट २०१९ चं. १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना नवीन किरकोळ तरत्या (म्हणजे बदलत्या) दराची कर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडायला लावली. तू दीड-दोन महिने आधी आलास, म्हणून तुझं खातं बहुतेक अजून जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतः ठरवते त्या दरावर, असणार. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. एमसीएलआरवाल्याकडे ही कपात फार हळू पोचते. शाखेत जा आणि लेखी अर्ज दे की माझं खातं रेपोशी जोडलेल्या दरावर न्या. फार तर किरकोळ कागदपत्रांचा खर्च लागेल. समजा दर एक टक्का उतरला आणि तू हप्ता तोच ठेवलास, तर १०९ ऐवजी १०३ हप्त्यांत कर्ज संपतं. साठ हजारांच्या वर वाचतात, तेही एका अर्जावर.

दुसरी गोष्ट लिहिताना मला वाईट वाटून राहिलं. तुझ्या बाबांचा त्यावेळचा उत्पन्नाचा दाखला साडेचार लाखांच्या आतलाच असणार. अशा घरातल्या मुलांसाठी केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रम, बिनतारण कर्ज, आणि २०१८ पासून कॉलेज नॅकचं किंवा कोर्स एनबीएचा मान्यताप्राप्त असला पाहिजे. यात बसत असेल तर कोर्सचा काळ आणि वरचं एक वर्ष, एवढं सगळं व्याज सरकार भरतं. तुझ्या आईने विचारलेले दोन लाख हेच. तुझ्या वेळी दावा विद्यार्थ्याने करायचा नसायचा, बँकेच्या शाखेने कॅनरा बँकेकडे पाठवायचा असायचा. कॅनरा ही त्या योजनेची नोडल बँक. माझ्या नोकरीत मी अशा फाइली पाहिल्या आहेत ज्यांत दाखला लावलेला आहे आणि दावा गेलेलाच नाही. त्या मुलांना कळलंही नाही.

म्हणून फाइल बघायला माग. दाखला आहे का, दावा कोणत्या वर्षी पाठवला, नसेल तर का नाही, हे लेखी विचार. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. संविधान चौकातल्या ऑफिसात खेटे घालायचीही गरज नाही. जुन्या वर्षांचं अनुदान मिळेलच असा शब्द मी देत नाही, पण न विचारता सोडायची ही रक्कम नाही.

आणि तो फोन. बाबा सहकर्जदार आहेत, त्यांना फोन करायचा हक्क बँकेला आहे. चारचौघांत अपमान करायचा हक्क कोणालाच नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोनही करता येत नाही. पुन्हा झालं तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेव. बाबांना माझ्याकडून सांग, दहा-बारा दिवसांच्या उशिराने खातं बुडीत होत नाही. त्यासाठी नव्वद दिवस थकावं लागतं. मात्र सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, उशीर दिसतो, आणि तो बाबांच्याही नावावर दिसतो. म्हणून पगार ज्या तारखेला येतो त्याच्या पुढची हप्त्याची तारीख मागून घे. ते होतं.

मेडिकल_चौकातली_ताई

दादा, वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. टोकन देऊ नका. आज घरी सगळ्यांना बसवून सांगा, टोकन द्यायचं नाही.

माझी मुलगी गेल्या वर्षी लागली. आम्हीही ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी अर्धी होती. पण अट एकच आणि ती पक्की, प्रवेश कॅप फेरीतून झाला पाहिजे. संस्था स्तरावरच्या सीटला हा लाभ नाही. तुमचा एजंट जी सीट दोन लाखांना विकून राहिला, ती घेतली की तुमच्या बहिणीचा हा हक्क त्याच दिवशी संपतो. आणि तो तुम्हाला हे सांगणार नाही.

अजून एक बघून ठेवा. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं यात येत नाहीत. नागपुरात काही जुनी नावाजलेली कॉलेजं आता विद्यापीठ झाली आहेत. लोक जुन्या नावावर जातात आणि मग फसतात. पर्याय भरताना प्रत्येक कॉलेजसमोर ते कॅपमध्ये आहे का, आणि कोणत्या प्रकारात आहे, हे तपासा. फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, दरवर्षीचा कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या साइटवर असतो. कॉलेजचा क्लार्क तोंडी काय सांगतो ते धरू नका. माफी ट्यूशन आणि परीक्षेची आहे, विकास शुल्क आणि बाकीचं आपल्याला भरावं लागतं. आम्ही त्यासाठी वेगळे पैसे ठेवले होते, तुम्हीही ठेवा.

कागदपत्रांत जीव जातो, हे खरं. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्न, डोमिसाइल, आणि जात वैधता. नॉन क्रिमीलेअर ज्या वर्षी संपतो ते वर्ष बघा, ३१ मार्चला संपलेला असेल तर चालत नाही. आम्ही सेतूत सकाळी साडेसातला रांगेत लागायचो, मी डबा घेऊन जायची. वैधता अजून काढली नसेल तर वडिलांकडच्या नात्यात कोणाची झालेली आहे का ते विचारा. काका, मोठे बाबा, त्यांची मुलं, कोणाचीही. ती जोडली की तुमचं काम सोपं होतं.

८८ पर्सेंटाईलला कॉम्प्युटर अवघड आहे, पण अशक्य नाही. पर्याय भरपूर भरा. नागपूरसोबत वर्धा, अमरावती, यवतमाळही भरा. फक्त वरचे पर्याय विचार करून टाका, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, आणि पुढच्या फेऱ्यांत वरच्या काही पसंतींतली सीट लागली तर ती घ्यावीच लागते. माझ्या मुलीला इलेक्ट्रॉनिक्स लागलं. दोन दिवस रडली. आता तिसऱ्या सेमिस्टरला आहे आणि कोडिंग शिकूनच राहिली. आमच्या घरी मात्र हप्त्याचा कागद आला नाही, आणि तो न येण्याची किंमत मला रोज कळते.

खापरी_स्टेशन

भाऊ, मीही मिहानमध्ये, तुझ्यासारखंच कर्ज होतं, मार्चमध्ये संपवलं. वरच्या दोघांनी मोठं सांगितलं, मी बारीक सांगतो.

ऑफिसात कोणीतरी तुला ८०ई सांगेल, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत. खरी आहे, आठ वर्षं मिळते, मर्यादा नाही. पण ती जुन्या करपद्धतीत, आणि तुझ्या २७,५०० पगारावर मुळात करच लागत नाही. त्यामुळे त्याच्या मागे वेळ घालवू नको. पगार वाढेल तेव्हा बघ.

तुला खरा फायदा जास्तीच्या भरण्यात आहे. तुझ्या ७,६०,००० वर महिन्याला दोन हजार जास्त टाकलेस तर १०९ हप्ते ८४ वर येतात. पंचवीस हप्ते कमी, आणि जवळपास एक लाख व्याज वाचतं. वैयक्तिक तरत्या दराच्या कर्जाला आधी फेडण्याचा दंड नाही. फक्त जास्तीचे पैसे टाकताना लेखी दे की मुदत कमी करा, हप्ता नको. मी न सांगता टाकले तर बँकेने हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली, सहा महिन्यांनी लक्षात आलं.

मी दोन हजार कुठून काढले ते सांगतो. रविवारी सकाळी नंदनवनात दहावीच्या चार मुलांना गणित शिकवायचो. दोन वर्षं एकही रविवार सुटला नाही. दमायला व्हायचं. पण त्या पैशाला मी दुसरा हात लावला नाही.

मानेवाडा_निवृत्त

ताईंनी फार मोलाचं लिहिलं. त्यात एकच जोड. बहिणीला विकास शुल्क, वसतिगृह, लॅपटॉप यासाठी लहान कर्ज लागलंच तर घाबरू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी ही देशातल्या निवडक, वरच्या दर्जाच्या संस्थांसाठी आहे, कॉलेज त्यात आहे का पाहा. नसेल तरी साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आणि साडेचार लाखांच्या आतल्या घरांना व्याज अनुदानाची ती जुनी योजना आहेच. यावेळी कर्ज मंजूर होण्याच्या दिवशीच उत्पन्नाचा दाखला द्या आणि पोच घ्या. शक्य असेल तर शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत राहा. बऱ्याच बँका त्यासाठी दरात एक टक्का सूटही देतात.

दिघोरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहून राहिलो, कारण नुसतं "धन्यवाद" लिहायचं नव्हतं, काय केलं ते सांगायचं होतं.

सोमवारी अर्धी सुटी टाकून शाखेत गेलो. काका, तुमचं दोन्ही खरं निघालं. खातं एमसीएलआरवरच होतं. बदलाचा फॉर्म भरून दिला, पुढच्या महिन्यापासून लागू होईल म्हणाले. हप्त्याची तारीख ५ ऐवजी १० करून घेतली. मग फाइल मागितली. आधी नाही म्हणाले, मी लेखी अर्ज पुढे केल्यावर आणली. बाबांचा २०१९ चा दाखला त्यात आहे, १,४४,००० चा, पिवळा पडलेला. माझ्या कोर्सला तेव्हा एनबीए होतं, तो कागदही जोडलेला आहे. दावा एकदाही गेलेला नाही. मॅनेजर नवीन आहेत, त्यांनी बराच वेळ तो दाखला हातात धरला आणि मग म्हणाले, विभागीय कार्यालयाला लिहितो. शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे. तीस दिवसांची तारीख आईने कॅलेंडरवर गोल करून ठेवली.

एजंटला बहिणीनेच फोन केला. मी बोलणार होतो, पण ती म्हणाली माझी सीट आहे, मी सांगते. त्याने सांगून पाहिलं की फी माफी कागदावरच असते. तिने त्याला शासन निर्णयाची तारीख सांगितली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

ताई, मोठ्या बाबांच्या मुलाची वैधता आहे, २०१७ ची. त्याची प्रत जोडून अर्ज टाकला. नॉन क्रिमीलेअर यंदाच्या मार्चला संपला होता, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही तोच घेऊन गेलो असतो. नवीन दाखल्याची पावती मिळाली, दाखला शुक्रवारी मिळेल म्हणतात. बहिणीने ४१ पर्याय काढले आहेत. पहिल्या नंबरवरून तिचं आणि माझं दोन दिवस जमलं नाही. शेवटी तिने तिचाच ठेवला, कॉम्प्युटर, वर्ध्याचं. रोज ट्रेनने जाईन म्हणते.

बाबांना प्लॉटचं सांगायला मला भीती वाटत होती, कारण त्यांनी मनाची तयारी केली होती. रात्री जेवताना सांगितलं की विकायची गरज नाही. ते काही बोलले नाहीत. काल दुकानातून येताना एनआयटीचा आर एलचा फॉर्म घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. नकाशाच्या प्रतीसाठी लेआउटवाल्याच्या मुलाला शोधावं लागेल, मूळ माणूस आता राहिला नाही. हुडकेश्वर बाजूचं आर एल यंदा कोणी केलं असेल तर कोणते कागद लागले ते सांगाल का?